प्रवाळभित्ती-जलजीवालय
प्रवाळभित्ती-जलजीवालय : उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात प्रवाळांच्या आश्रयाने राहणारे मासे, कवचधारी व मृदुकाय प्राणी, शैवले आणि सूक्ष्मजीव यांचा समूह काचेच्या टाकीतील खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ जिवंत ठेवण्याच्या व्यवस्थेस प्रवाळभित्ती-जलजीवालय म्हणतात. केवळ मासे ठेवण्याच्या टाकीपेक्षा ही व्यवस्था वेगळी असते. येथे खडक, वाळू, पाण्याचा प्रवाह व प्रकाश हे सजावटीसाठी नसून पाणी शुद्ध राखण्याच्या कामी त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. सु. १०० लि. पर्यंतच्या टाकीस लहान जलजीवालय म्हणण्याचा प्रघात आहे. लहान टाकी स्वस्त पडते, पण सांभाळण्यास सोपी नसते. पाणी जितके थोडे, तितके त्याचे तापमान, लवणता व रासायनिक घटक लवकर बदलतात. समुद्रातील प्राण्यांना मात्र अशा झपाट्याने होणाऱ्या बदलांची सवय नसते.

इतिहास : समुद्रजीव घरात पाळण्याचा एक आरंभीचा यशस्वी प्रयोग अ‍ॅना थिन या ब्रिटिश महिलेने केला. टॉर्की येथील किनाऱ्यावरून १८४६ मध्ये तिने काही प्रवाळ लंडनला आणले. उघड्या खिडकीपाशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतून त्यात हवा मिसळली जाई. पुढे भांड्यात सागरी शैवले ठेवल्यावर प्रवाळ दीर्घकाळ जगले. समुद्रापासून दूर असलेल्या घरातही समुद्रजीव राहू शकतात, हे यावरून दिसून आले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सार्वजनिक जलजीवालय १८५३ मध्ये खुले झाले. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे हा छंद इंग्लंडभर पसरला.

उष्ण प्रदेशातील प्रवाळ मात्र पुढील शंभर वर्षे टाकीत फार काळ टिकत नसत. न्यू कॅलिडोनियातील नूमेआ येथे रने कॅटाला यांनी १९५६ मध्ये काढलेल्या जलजीवालयात वाहत्या समुद्रजलामुळे प्रवाळ टिकले. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून जीवाणूंसह आणलेले सच्छिद्र खडक व हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर पाणी स्वच्छ राहते, असे त्यांनी दाखविले. या खडकांना ‘सजीव खडक’ हे नाव पडले. १९७० नंतर जर्मनीत सजीव खडक, फेस काढण्याचे यंत्र, तीव्र प्रकाश आणि चुन्याची निवळी यांची सांगड घातली गेली. आजच्या बहुतेक पद्धती तिच्यावरच आधारलेल्या आहेत.

महाराष्ट्रात मुंबई येथील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले व २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. सागरी मासे जवळून पाहण्याची संधी राज्यातील अनेक पिढ्यांना तेथेच प्रथम मिळाली. रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून तेथेही मत्स्यालय व संग्रहालय आहे. ही स्थळे किनाऱ्यावर असल्याने समुद्राचे पाणी त्यांच्या दाराशीच आहे. राज्याच्या अंतर्भागात हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवावा लागतो.

पाणी : समुद्राच्या १ किग्रॅ. पाण्यात सु. ३५ ग्रॅ. लवणे विरघळलेली असतात. २५° से. तापमानास अशा पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सु. १·०२६ भरते. लवणांच्या एकूण वजनात क्लोराइड सु. ५५, सोडियम ३०·६, सल्फेट ७·७, मॅग्नेशियम ३·७, कॅल्शियम १·२ व पोटॅशियम १·१ टक्के असते. यावरून केवळ खाण्याचे मीठ विरघळवून समुद्रजल का होत नाही, हे ध्यानी येईल. त्यासाठी सर्व घटक योग्य प्रमाणात मिसळलेले तयार सागरी लवण वापरतात. ते १ लि. शुद्ध पाण्यास सु. ३७ ग्रॅ. घेऊन, पाणी एक दिवस ढवळत ठेवून मगच उपयोगात आणतात.

लवण मिसळण्यासाठी घेतलेले पाणी जवळजवळ खनिजरहित असावे लागते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. शेतीच्या परिसरात त्यात नायट्रेटही आढळते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. तांब्याच्या भांड्यातील वा नळीतील पाणी तर अपृष्ठवंशी प्राण्यांना प्राणघातक ठरते. म्हणून पाणी व्यस्त तर्षणाने (आरओ पद्धतीने) व नंतर आयन-विनिमयी रेझिनातून गाळून घेतात. पिण्याच्या पाण्यासाठी घरोघर असलेल्या काही यंत्रांत चवीकरिता खनिजे पुन्हा मिसळली जातात. असे पाणी तसेच वापरू नये.

टाकी व तिची मांडणी : नवशिक्याने ६० × ४० × ४० सेंमी. मापाची टाकी घ्यावी. तिचे घनफळ ९६ लि. असले, तरी खडक व वाळू घातल्यावर तीत सु. ८० लि. पाणी मावते. काच, पाणी, खडक मिळून वजन १०० किग्रॅ. च्या पुढे जाते. म्हणून बैठक भक्कम व समतल असावी. टाकी खिडकीच्या थेट उन्हापासून व स्वयंपाकघराच्या धुरापासून दूर ठेवावी. विजेचे खटके टाकीच्या पातळीपेक्षा वर बसवावेत आणि दोरांना खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी खटक्यात शिरत नाही. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. यासाठी भूसंपर्कन व गळतीरोधक खटका अत्यावश्यक आहे.

खडक प्रथम तळकाचेवर पक्के बसवून मगच वाळू पसरतात. उलट केल्यास वाळू उकरणाऱ्या प्राण्यांमुळे खडक घसरून काच फुटण्याचा धोका असतो. खडकांमध्ये पोकळ्या ठेवाव्यात व मागच्या बाजूने पाणी फिरू द्यावे. पाण्याच्या एकूण आकारमानाच्या दहा ते वीस पट प्रवाह दर ताशी मिळेल, असे पंप निवडतात. ८० लि. पाण्यासाठी हे प्रमाण ताशी ८०० ते १,६०० लि. होते. प्रवाहामुळे ऑक्सिजन मिसळतो, घाण साचत नाही आणि खडकावरील जीवाणूंना सतत नवे पाणी मिळते. फेस काढणाऱ्या यंत्रात (प्रोटीन स्किमर) बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये चिकटतात. ती कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमा होतात. लहान टाकीत पाणी नियमाने बदलल्यास या यंत्रावाचूनही भागते.

नायट्रोजनाचे चक्र : माशांची विष्ठा, कल्ल्यांवाटे होणारे उत्सर्जन आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. तो थोड्या प्रमाणातही विषारी असतो. खडकाच्या व वाळूच्या पृष्ठभागावरील जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटात व दुसरा गट नायट्राइटाचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटात रूपांतर करतो. सच्छिद्र खडकाच्या आतल्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या भागात आणखी काही जीवाणू नायट्रेटापासून नायट्रोजन वायू तयार करतात व तो हवेत निघून जातो. जीवाणूंचे हे थर नव्या टाकीत नसतात. ते वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत प्राणी न ठेवता अमोनियाचा थोडा पुरवठा करतात आणि पाण्याची परीक्षा घेत राहतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले, म्हणजे टाकी तयार झाली असे समजतात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते म्हणून दुसऱ्याच दिवशी मासे सोडणे हे अपयशाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

प्रकाश व कॅल्शियम : भित्ती रचणाऱ्या प्रवाळाच्या ऊतकांत झूझँथेली नावाची एककोशिक शैवले राहतात (⟶ प्रवाळ). ती प्रकाशसंश्लेषणाने बनविलेल्या अन्नाचा मोठा भाग प्रवाळास देतात व त्या बदल्यात प्रवाळाकडून आश्रय आणि नायट्रोजनयुक्त द्रव्ये घेतात. म्हणून प्रवाळाच्या टाकीत ४०० ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश भरपूर असलेले दिवे रोज आठ ते दहा तास लावतात. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाचा बनवितो. त्यासाठी पाण्यात १ लिटरास ४०० ते ४५० मिग्रॅ. कॅल्शियम, १,२५० ते १,३५० मिग्रॅ. मॅग्नेशियम व पुरेशी क्षारता (७ ते ११ जर्मन अंश) राखावी लागते. पीएच मूल्य ८·१ ते ८·४ असावे. तापमान नेहमीपेक्षा थोडे वाढून बराच काळ तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवले बाहेर टाकतो व पांढरा पडतो. यालाच प्रवाळ-विरंजन म्हणतात. समुद्रातही हेच घडते. १९९८, २०१० व २०१६ या वर्षी लक्षद्वीप व मानारच्या आखातातील प्रवाळांची अशा विरंजनाने मोठी हानी झाली.

प्राण्यांची निवड व कायदा : प्रवाळभित्ती घरात आणण्याच्या छंदाने समुद्रातील भित्तीची लूट होऊ शकते, ही या विषयाची दुसरी बाजू आहे. आग्नेय आशियात मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइडाचा वापर झाल्याने मासे व प्रवाळ दोन्ही मेले. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती रचणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, बासरी प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. हे प्राणी समुद्रातून काढणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा होय. प्रवाळाचा मृत सांगाडाही यातून सुटत नाही. सजीव खडक म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा तुटलेल्या प्रवाळाचाच तुकडा असतो, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. व्यापारी नावावर विसंबून अनोळखी प्राणी घेऊ नये. अन्य काही देशांत गुलाबाच्या कलमाप्रमाणे प्रवाळाच्या फांद्या तोडून टाकीतच वाढवितात आणि छंदिष्टांत त्यांची देवघेव होते.

म्हणून भारतातील लहान जलजीवालय प्रवाळावाचूनच उभारणे श्रेयस्कर ठरते. खडकासाठी भाजलेल्या मातीचे अथवा सिमेंटचे सच्छिद्र ठोकळे घेतात. सिमेंटचे ठोकळे काही आठवडे पाणी बदलत भिजवून त्यातील चुना निघून जाऊ देतात. काही महिन्यांत त्यांवर जीवाणू, शैवले व सूक्ष्म प्राणी यांची वस्ती होते व कामाच्या दृष्टीने ते सजीव खडकाचीच जागा घेतात. मासे शक्यतो बंदिवासात पैदास झालेले घ्यावेत. विदूषक मासा (अ‍ॅम्फिप्रिऑन प्रजाती) यास सर्वांत योग्य आहे. भारतात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने व तमिळनाडूतील परंगीपेट्टै येथील सागरी जीवविज्ञान केंद्राने त्याच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. महाराष्ट्रात ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याच्या बीजोत्पादनाचे काम हाती घेण्यात आले. समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो, पण टाकीत त्यावाचून सुखाने जगतो.

८० लि. पाण्यात विदूषक माशांची एक जोडी व एखादा लहान गोबी एवढेच मासे ठेवावेत. शैवले खरवडणाऱ्या चार-सहा गोगलगायी, उरलेसुरले अन्न टिपणारे दोन-तीन शंखवासी खेकडे आणि नंतर एक स्वच्छक कोळंबी एवढ्यांनी समूह पुरा होतो. प्राणी एकाच वेळी न आणता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आणतात, म्हणजे जीवाणूंना वाढत्या भाराशी जुळवून घेता येते. नव्या माशास चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोगाची खात्री करून घेतात. सागरी माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबेयुक्त औषध लागू पडते. परंतु ते वेगळ्या टाकीतच द्यावे. मुख्य टाकीत घातल्यास कोळंबी व गोगलगायी मरतात.

निगा : माशांना दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न देतात. रोज तापमान पाहणे, माशांची हालचाल व भूक यांवर लक्ष ठेवणे आणि बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरणे ही कामे असतात. बाष्पीभवनात फक्त पाणी जाते, लवण मागे राहते. त्यामुळे भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याचीच घालावयाची असते. ८० लि. पाण्यात सु. २·८ किग्रॅ. लवण असते. रोज २ लि. पाणी उडून गेले व पाच दिवस भर घातली नाही, तर तेच लवण ७० लिटरांत उरते आणि लवणता ३५ वरून ४० वर जाते. हा फरक पुष्कळ प्राण्यांना सोसवत नाही. दर आठवड्यास दशमांश पाणी, म्हणजे सु. ८ लि., काढून तेवढेच नवे खारे पाणी घालतात. त्यासाठी सु. ३०० ग्रॅ. लवण लागते. नव्या पाण्याचे तापमान व लवणता आधी जुळवून घ्यावी. नायट्रेट लिटरास १० मिग्रॅ. च्या व फॉस्फेट ०·१ मिग्रॅ. च्या आत असावे. ती वाढली की काचेवर व खडकावर शैवले माजतात. अशा वेळी औषध शोधण्यापेक्षा अन्न कमी करणे व पाणी बदलणे हाच खरा उपाय होय.

अंतर्भागातील अडचणी : किनाऱ्यापासून सु. ४०० किमी. आत असलेले परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव (ता. गंगाखेड) हे या बाबतीत मराठवाड्यातील गावांचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. अशा ठिकाणी उष्मा, वीज आणि पाणी या तिन्हींचा हिशेब टाकी घेण्यापूर्वीच करावा लागतो.

उन्हाळ्यात या भागातील तापमान ४०° से. च्या वर जाते, तर टाकीतील पाणी २५° ते २७° से. राखावयाचे असते. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. १ लि. पाण्याची वाफ होताना सु. २,४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते. बाहेरून उष्णता येतच नसती, तर तेवढ्याने ८० लि. पाणी सु. ७° से. नी थंड झाले असते. मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळी हवेत हा उपाय कोकणातल्यापेक्षा अधिक गुणकारी ठरतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा गुण कमी होतो. वैशाखातील दुपारी मात्र केवळ पंख्याने भागेलच असे नाही. खोली थंड ठेवण्याची सोय किंवा शीतनयंत्र यांची जोड द्यावी लागते. ती परवडणार नसेल, तर टाकी न मांडणेच बरे.

पाणी तापले म्हणजे त्यातील ऑक्सिजनही घटतो. २५° से. तापमानास गोड्या पाण्यात लिटरास सु. ८·३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, तर समुद्रजलात सु. ६·७ मिग्रॅ. च विरघळतो. त्यामुळे वीज जाऊन पंप थांबले, की काही तासांतच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. विद्युत् घटावर चालणारा हवेचा पंप अशा वेळी टाकी वाचवितो. तो पहिल्या माशाच्या आधी खरेदी करावा. वीज नसताना अन्न देऊ नये. पंपही नसेल, तर पेल्याने पाणी काढून उंचावरून पुन्हा ओतत राहिल्यास ऑक्सिजन मिसळतो. अ‍ॅना थिनच्या घरी हीच रीत होती.

पाण्याचा हिशेब असा : रोज २ लि. भर व दर आठवड्यास ८ लि. बदल धरल्यास वर्षाला सु. १,१५० लि. शुद्ध पाणी लागते. व्यस्त तर्षण यंत्र १ लि. शुद्ध पाण्यामागे ३ लि. पाणी बाहेर टाकत असेल, तर त्यासाठी ४,६०० लि. पाणी खर्ची पडते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते, हे ध्यानात घेता हा खर्च क्षुल्लक म्हणता येत नाही. बाहेर पडणारे पाणी धुण्याभांड्यास वापरता येते. पावसाचे पाणी हा अधिक चांगला मार्ग आहे. १० चौ. मी. गच्चीवर १०० मिमी. पाऊस पडल्यास सु. १,००० लि. पाणी मिळते. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्याव्यात, पाणी कापडातून व कोळशातून गाळावे आणि खाद्यपदार्थांसाठी बनविलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपांत झाकून ठेवावे. जस्ताच्या पत्र्यावरून आलेले पाणी घेऊ नये, कारण त्यात जस्त उतरते. लवण मिसळलेले वापरलेले पाणी शेतात, परसात किंवा विहिरीजवळ टाकू नये. त्याने काळी जमीन खारवते. ते सांडपाण्याच्या नालीत सोडावे.

शैक्षणिक महत्त्व : सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात प्रवाळ आढळतात व १९८७ मध्ये तेथे मालवण सागरी अभयारण्य स्थापन झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया या बुडित पठारावरही प्रवाळांची वस्ती आहे. अंतर्भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना ही स्थळे पाहण्यास मिळत नाहीत. शाळेत किंवा महाविद्यालयात नीट सांभाळलेली एक लहान टाकी असल्यास नायट्रोजनाचे चक्र, सहजीवन, लवणता व बाष्पीभवन हे विषय पाठ्यपुस्तकाबाहेर प्रत्यक्ष पाहता येतात. दीर्घ सुटीत टाकीची जबाबदारी कोणाकडे राहील, हे मात्र आधीच ठरवावे लागते. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेला कुलूप लागते आणि टाकीला सर्वाधिक लक्ष त्याच दिवसांत हवे असते. अशी सोय नसेल तेथे काही दिवसांसाठी टाकी मांडून प्राण्यांचा बळी देण्यापेक्षा गोड्या पाण्यातील माशांपासून आरंभ करणे योग्य होय (⟶ मत्स्यालय).